डोळ्याची राखण

वऱ्हाड हा लांबवर बघण्याचा मुलूख आहे. बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी सुटली की कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा अशी स्टेशनं येत जातात आणि दोन्ही अंगांना काळी, सपाट जमीन पसरत राहते. नजर अडवायला डोंगर नाही, घनदाट रान नाही. कपाशीच्या ओळी, मधूनच तुरीचं तास, धुऱ्यावरची एखादी बाभूळ, पुन्हा कपाशी. पावसाळा सरून हवा धुऊन निघाली की परतवाड्याच्या रस्त्यावरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. इथला माणूस पत्ताही हात लांब करूनच सांगतो, "थो पाय, थ्या निंबाच्या पल्याड."

या मुलखात वाढताना माझं जग वीतभर होतं. माझ्या चष्म्याचा नंबर वजा साडेपाच. शंभराला साडेपाचने भागलं की अठरा येतात. उघड्या डोळ्यांना अठरा सेंटिमीटरपर्यंतच रेखीव दिसायचं आणि त्यापलीकडे आकार एकमेकांत विरघळायला लागायचे. अशा डोळ्याचा गोळा इतरांच्या डोळ्यापेक्षा जेमतेम दोनेक मिलिमीटर लांब असतो. तेवढ्यानं प्रकाशाचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि निंबाचं झाड म्हणजे नुसता हिरवा ढग होतो.

त्या वीतभर जगावर माझं प्रेम होतं. सरकीला चिकटलेले कापसाचे तंतू, मुंगीच्या पायांची हालचाल, आजीच्या तळहातावरच्या रेषा हे सगळं मला चष्मा काढल्यावर इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसायचं. सुई ओवायला घरात मलाच हाक यायची. मात्र त्या वितीबाहेर जे काही होतं, ते चष्म्याच्या दोन काचांतून येई आणि चष्मा उतरला की निघून जाई. शाळेतल्या डोळे तपासणीत फळ्यावर टांगलेला अक्षरांचा तक्ता मला पहिल्या दोन ओळींपलीकडे वाचता आला नाही, तेव्हापासून हे असंच चाललेलं. हर्मान स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरानं 1862 मध्ये असा तक्ता तयार केला. त्याचीच भावंडं आजही वऱ्हाडातल्या गावोगावच्या शाळांत पोचतात आणि मुलांना पहिल्यांदा सांगतात की तुम्हाला दिसतंय ते पुरतं दिसत नाहीये.

अमरावतीत चष्म्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात व्हायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मुली तोंडाभोवती ओढणी घट्ट गुंडाळून सायकलवर निघतात, फक्त डोळे उघडे. ओढणीतून वर येणारा श्वास काचांवर बसायचा, घामानं दांड्या घसरायच्या, नाकावर लाल खळगे पडायचे. आणि संध्याकाळी मैदान. अमरावती हे मैदानावर जीव लावणारं गाव आहे. इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, कबड्डी जगाला दाखवली, ही गोष्ट आम्हाला शाळेत घरच्या गोष्टीसारखी सांगितली जायची. त्या गावात कबड्डी खेळणारी मी चष्मा इलॅस्टिकनं डोक्यामागे बांधून चढाईला जायची. समोरचा बचावपटू दिसायचा, पण बाजूनं येणारा हात काचेच्या कडेपाशी तुटायचा. चौकटीबाहेर धुकं होतं आणि कबड्डी ही बरीचशी त्या धुक्यातच घडते.

काच फुटली तर डोळा जाईल, या पोरीला लेन्स द्या, असं आमच्या खेळाच्या सरांनी बाबांना घरी येऊन सांगितलं. नव्वदचं दशक होतं. कापसाचा चुकारा अडकलेला होता आणि लेन्स ही शहरातल्या श्रीमंतांची वस्तू समजली जायची. बाबा काही बोलले नाहीत. चुकारा हातात आल्यावर त्यांनी आधी दुकानदाराची उधारी फेडली, बियाण्याचे पैसे बाजूला काढले आणि मग आईला म्हणाले, "इले अकोल्याले घेऊन जाय." अकोल्यात मामा राहायचे आणि लेन्स बसवून देणाऱ्या एका दवाखान्याचा पत्ता मामींनी काढून ठेवला होता.

आजी त्या वेळी अमरावतीलाच आलेली. तिला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "काहून व माय, डोयात बोट घालतं काय कोनी?"

आजीचा प्रश्न डोळ्याचाही होता. दवाखान्यात एका ताईनं मला आरशासमोर बसवलं, साबणानं हात धुऊन घेतले आणि उजव्या तर्जनीच्या टोकावर ते भिंग ठेवलं. पाण्यानं भिजलेलं, चौदा मिलिमीटर रुंद, इतकं मऊ की श्वासानं हलेल. आधी ते उजेडासमोर धरून कड बघायची. कड वाटीसारखी सरळ वर गेली तर सुलटं, बाहेर पसरली तर उलटं. मग मधल्या बोटानं खालची पापणी ओढायची, दुसऱ्या हातानं वरची धरायची, वर बघायचं आणि बोट पुढे न्यायचं. बोट माझं, डोळाही माझा, तरी पापणी माझं ऐकत नव्हती. बोट जवळ आलं की ती मिटायची. मी चिडायची, पुन्हा न्यायची, पुन्हा मिटायची. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. ताई शांतपणे म्हणाली, "त्याच्यावर रागावू नको. तो तुझीच राखण करून राह्यला."

ते वाक्य ऐकताना मला तपोवन आठवलं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं तपोवन आमच्या शाळेनं आम्हाला दाखवलं होतं. कुष्ठरोगात नसा बधिर होतात हे आम्हाला तिथे कळलं. हातापायांच्या जखमा कळत नाहीत हेही. डोळ्याचंही तसंच होतं, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची, जाणीव जाते, पापणी नीट मिटत नाही, धुळीचा कण आत शिरून खरवडत राहतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. मग ज्या डोळ्याला दुखत नाही, त्याची राखण माणसाला ध्यान ठेवून करावी लागते. दिवसातून कितीदा तरी आरशात बघावं लागतं, आठवणीनं पापणी मिटावी लागते. अकोल्याच्या त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा माझ्या पापणीच्या भित्रेपणाबद्दल आदर वाटला. पारपटल ही शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांपैकी एक जागा. तिथे नसांची टोकं दाटीनं आलेली असतात, म्हणून केस गेला तरी तो डोंगर वाटतो. ही हळवी जागा अनोळखी वस्तूला आत घेणार होती, तर तिला वेळ द्यायला हवा होता. मी श्वास सोडला, खांदे सैल केले. पापणीशी झगडणं थांबवलं. पुढच्या कुठल्यातरी क्षणी भिंग बोटावरून सुटलं, थोडं पाणी आलं, मी डोळा फिरवला आणि ते आपल्या जागी बसलं.

मी आईकडे वळून बघितलं. आईचा चेहरा मोठा झाला होता.

हे सांगितलं की लोकांना भावनेचं बोलणं वाटतं, पण त्यात साधं प्रकाशशास्त्र आहे. जवळचं दिसणाऱ्याच्या चष्म्यात अंतर्गोल भिंग असतं आणि ते डोळ्यापासून बोटभर पुढे असतं. त्यातून दिसणारी प्रत्येक वस्तू थोडी लहान होते. माझ्या नंबराला साधारण सहा टक्क्यांनी. भिंग थेट डोळ्यावर बसलं की हे आक्रसणं जवळपास संपतं. नंबरही उतरतो, चष्म्याचा साडेपाच तो लेन्सचा सव्वापाच झाला. म्हणजे मी इतकी वर्षं आईला तिच्या मापाहून लहान बघत आले होते. तिच्या गालावरचा तीळ, कानातल्या खड्याखालची ओढ, दमलेल्या डोळ्यांभोवतीच्या बारीक घड्या, सगळं त्याच्या खऱ्या आकारात समोर आलं. आई म्हणाली, "अशी काय पाहून राह्यली?" मला उत्तर देता आलं नाही.

मग आरसा. चष्म्याशिवाय मी स्वतःला लांबून कधी बघितलंच नव्हतं; आरशाला नाक टेकवलं तरच चेहरा दिसायचा, तोही तुकड्यातुकड्यानं. चष्मा लावून बघितलं तर चष्मा दिसायचा आणि त्यामागे बारीक झालेले डोळे. त्या दुपारी एक अख्खी मुलगी हातभर अंतरावरून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे मोठे होते. घरी गेल्यावर मामी म्हणाल्या, "आता पोरगी छान दिसून राह्यली." त्यांच्या बोलण्यात माया होती आणि आमच्याकडे चष्म्याच्या पोरीच्या लग्नाची काळजी कशी करतात हेही मला ठाऊक होतं. पण मला त्या वेळी आपण कशा दिसतो यापेक्षा आपल्याला काय दिसतं याचंच नवल होतं. परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसले तेव्हा मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यात तुरीचं शेत होतं, दुसऱ्या कोपऱ्यात आईचा खांदा होता. धुक्याची कड गेली होती. मूर्तिजापूरला शकुंतला नावाच्या छोट्या गाडीचा रूळ आमच्या रुळापासून फुटून अचलपूरकडे वळताना दिसला आणि वळत जाणारी ती पूर्ण रेघ माझ्या नजरेत मावली.

हे भिंग कुणी केलं असेल, हा प्रश्न मला बरीच वर्षं पुरला. 1888 मध्ये झुरिकच्या अडोल्फ फिक यांनी डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या भिंगाबद्दल लिहिलं. ती काच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरही पसरलेली, जड. आधी सशांवर, मग स्वतःच्या डोळ्यावर त्यांनी ती लावून बघितली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या कील इथे आउगुस्ट म्युलर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात स्वतःसाठी केलेल्या भिंगाची हकिगत लिहिली. त्याचा नंबर वजा चौदा. माझ्याच जातीचा माणूस, माझ्याहून कितीतरी आखूड वितीचा. त्याला ती काच अर्धा तासच सोसवे. त्या अर्ध्या तासात त्यानं काय काय बघून घेतलं असेल, हे मला अजून वाटत राहतं.

मऊ भिंग मात्र प्रागमध्ये जन्मलं. ओटो विख्तर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञानं सहकारी द्राहोस्लाव लीम यांच्यासह पाणी शोषून मऊ राहणारं प्लास्टिक शोधलं होतं. पण त्याचं भिंग बनवायचं कसं, हे जमत नव्हतं आणि सरकारी पाठबळ आटलं होतं. 1961 च्या नाताळात विख्तर्ले घरच्या टेबलाशी बसले, मुलाच्या खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या आणि चाकं जोडली, त्याला सायकलच्या दिव्याचा डायनमो लावला आणि फिरणाऱ्या साच्यात ते द्रव्य थेंबाथेंबानं सोडलं. फिरण्याच्या वेगानं थेंब साच्याच्या भिंतीला चढला आणि स्वतःच वाटीसारखा वळला. त्यातून जगातली पहिली मऊ, डोळ्याला सोसणारी भिंगं निघाली. पत्नीच्या मदतीनं त्यांनी घरीच ती करायला घेतली. अमेरिकेत या भिंगाला 1971 मध्ये परवानगी मिळाली. अमरावतीच्या एका पोरीला कडेचा हात दिसावा यासाठी एका बापानं आपल्या पोराची खेळणी उसनी घेतली होती, असं मी मनात धरलं. माझ्या बाबांच्या चुकाऱ्याची आणि त्या खेळण्याची मी एकत्रच आठवण काढते.

अकोल्याहून निघताना ताईनं नियम सांगितले. नळाचं पाणी भिंगाला लावायचं नाही. विहिरीचं तर नाहीच. भिंग घालून झोपायचं नाही, नदीत पोहायचं नाही, होळी खेळायची नाही. डबीतलं द्रावण रोज बदलायचं, जुन्यात नवं ओतायचं नाही. कूलरच्या झोतासमोर बसायचं नाही. यातल्या प्रत्येक नियमाला कारण आहे. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर ते पारदर्शक राहिलं नसतं. ते आपला प्राणवायू हवेतून घेतं, अश्रूंच्या पातळ थरातून. पापणी मिटली की तो कमी होतो आणि वर भिंग असलं तर आणखी कमी. साध्या पाण्यात अकांथामिबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. तो भिंगाच्या आडोशानं पारपटलावर पोचला तर दृष्टीच घालवू शकतो. ठेचा कुटलेल्या हाताचा नियम मात्र ताईनं सांगितला नव्हता. तो आईनं लावला आणि मिरच्या कायमच्या माझ्याकडून काढून घेतल्या.

मला वाटलं होतं, पाण्याचे हे नियम आजीला पटणार नाहीत. ते सगळ्यांत आधी तिलाच पटले. आजीचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर खोदावी तर पिकाला चालत नाही, प्यायला चालत नाही. गोड पाणी लांबून आणायचं आणि जिवापाड सांभाळायचं. आजीच्या घरात पिण्याच्या माठात कुणी हात बुडवत नसे. झाकण, ओगराळं, धुतलेला पेला यांचा तिचा शिरस्ता कुणी मोडत नसे. मी तिला डबीतल्या द्रावणाबद्दल सांगितलं. सलाईनसारखं आहे, लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ, आपल्या आसवांइतकंच खारं. आजी थोडा वेळ गप्प राहिली. "म्हणजे डोयाले खारं पानी लागते आन् मानसाले गोडं," ती म्हणाली. "दोन्ही झाकून ठेवा लागते." त्यानंतर सुट्टीत तिच्याकडे गेले की माझ्यासाठी वेगळा धुतलेला टॉवेल खुंटीवर असायचा आणि हात धुताना पाणी घालायला ती स्वतः उभी राहायची.

इथेच मला जे सांगायचं आहे ते येतं. दिसणं आपल्याला एकदा मिळतं आणि मग आपलं असतं, असं आपण धरून चालतो. लेन्सनं मला याच्या उलट शिकवलं. दिसणं रोज राखावं लागतं, उभ्या पिकाची रात्री जागल करावी तसं. आणि ही जागल एकट्याच्यानं होत नाही. माझ्या नजरेत बाबांचा चुकारा आहे, मामींनी शोधलेला पत्ता आहे, ताईचा धीर आहे, आजीनं हातावर घातलेलं पाणी आहे.

आमच्या अमरावती जिल्ह्यातच याचा फार मोठा दाखला आहे. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज. 1881 ते 1915, उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य. तान्हेपणीच दृष्टी गेली. तरीही त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ आहेत. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि त्यांच्या प्रज्ञेपुढे हात जोडतात, मीही जोडते. पण मला त्यांच्या शेजारी बसलेली माणसंही दिसतात. कुणीतरी त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवत होतं. कुणीतरी त्यांचा शब्द न् शब्द उतरवून घेत होतं. त्या वाचणाऱ्या आवाजांनी आणि लिहिणाऱ्या हातांनी एका मोठ्या बुद्धीची राखण केली, म्हणून ते ग्रंथ आपल्यापर्यंत आले.

आणि राखलेली गोष्ट पुढे देता येते. पारपटलाचं नवल हेच की रक्त नसल्यानं ते दुसऱ्याच्या डोळ्यात रुजू शकतं, रक्तगट जुळवायची गरज सहसा पडत नाही. मोराविया प्रांतातल्या ओलोमोउत्स गावी 7 डिसेंबर 1905 ला एडुआर्ड त्सिर्म यांनी चुन्यानं डोळे भाजलेल्या एका मजुराला पारपटल बसवलं. ते अपघातात डोळा गमावलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचं होतं. त्या मजुराला दिसू लागलं. डोळ्यावर मऊ भिंग ठेवणारे विख्तर्ले पुढे आठ वर्षांनी, तिथून जवळच्याच गावात जन्मले. या दोन्ही गोष्टींचे धागे एकाच परिसराशी जुळावेत, याचा मला खूप आनंद होतो.

चष्मा असलेल्यांना, लेन्स वापरणाऱ्यांनाही नेत्रदान करता येतं. माझा डोळ्याचा गोळा लांबट असला तरी पारपटल नितळ आहे. रोज सकाळी हात धुऊन मी त्यावर भिंग ठेवते, तेव्हा ते माझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे असं मानते. मी अर्ज भरला आहे. घरच्यांनाही सांगून ठेवलं आहे, कारण शेवटची राखण त्यांनाच करायची आहे: पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं पोचतील असं बघा.